डेमी-सेकच्या मागावर : कॅम्प, नारायणगाव, भोसरी

शुक्रवार, कॅम्प

पुण्यात स्पार्कलिंग वाइन मिळायला काही अडचण नाही. कॅम्प, कोरेगाव पार्क, बाणेर, कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात शिरलं की जाड काचेच्या, तारेनं बूच आवळलेल्या बाटल्यांची एक रांग दिसतेच. अडचण पुढे आहे. त्या रांगेतल्या जवळपास प्रत्येक बाटलीवर ‘ब्रूट’, म्हणजे बिनगोडाची, कोरडी, असं लिहिलेलं असतं, आणि मला हवी होती डेमी-सेक. म्हणजे गोड, फेसाळ, आणि जिच्यातला फेस बाटलीतच तयार झालाय अशी. जमलं तर आपल्याच मातीतली, कारण एके काळी ती पुणे जिल्ह्यात, नारायणगावला बनत होती.

आमचं घर तासगावचं. घरची द्राक्षबाग आहे आणि सगळा माल बेदाण्याला जातो. द्राक्षाच्या गोडीवरच आमचं पोट आहे. त्यामुळे गोड वाइन म्हटलं की जाणकार मंडळी जे नाक मुरडतात ते मला कधीच पटलेलं नाही. शॅम्पेन जगभर पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तेव्हा ती गोडच होती. रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत लिटरमागे २०० ग्रॅमच्याही वर साखर असायची. कोरडी मागायचे ते इंग्रज. शॅम्पेन बनवणाऱ्या मादाम पोमरींनी त्यांच्यासाठी १८७४ सालच्या द्राक्षांची ब्रूट काढली, ती गाजली, आणि पुढे हळूहळू सगळं जगच इंग्रजांच्या चवीला लागलं. आज ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमच्या आत साखर असते. तिच्यावर एक्स्ट्रा ड्राय, मग सेक, मग ३२ ते ५० ग्रॅमची डेमी-सेक आणि ५० च्या वरची दू. दू तर आता खुद्द शॅम्पेन प्रांतातही क्वचितच कुणी काढतं.

सहकारनगरला मावशीकडे बॅग टाकली आणि मावसभावाच्या स्कूटरवर बसून दुपारीच कॅम्प गाठलं. महात्मा गांधी रस्ता, ईस्ट स्ट्रीट आणि मधल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. सगळीकडे साधारण एकच संवाद.

“गोड पाहिजे? मग पोर्ट घेऊन जा ना ताई.”

“पोर्ट नको. फेसवाली हवीय.”

“फेसवालीत गोड कोण मागतं? लोक नेतात ती लग्नाला, बड्डेला. हलवली, उडवली, संपलं.”

हे ऐकून वाईट वाटतं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन तयार व्हायला महिनोन् महिने लागतात. कुणीतरी तिची मशागत केलेली असते, आणि आपण ती केकवर उडवतो. शिवाय दुकानात या बाटल्या उभ्या असतात, वर ट्यूबलाइट, दारातून ऊन येतंय. स्पार्कलिंग वाइनला उजेडाइतकं वाईट दुसरं काही नाही. पारदर्शक काचेतली असेल तर तिला फार लवकर उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो.

एका जुन्या दुकानात मात्र गल्ल्यावर वयस्कर मालक स्वतः बसले होते. नारायणगावचं नाव काढताच त्यांनी चष्मा वर केला. “ओमर खय्याम! ती तुमच्या जन्माच्या आधीची गोष्ट. तिची एक धाकटी बहीण होती, मार्क्विस द पाँपादूर. त्यात ब्रूट यायची आणि डेमी-सेकपण यायची. नाताळच्या आधी आमचे पारशी आणि ख्रिश्चन गिऱ्हाईक गोडवालीच न्यायचे.” माझ्याकडे जी माहिती फक्त वाचलेली होती, ती पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकली. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला वायनरी उभी केली आणि शॅम्पेनमधल्या पायपर-हाइडसिक या जुन्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं. तिथून निघालेली ओमर खय्याम परदेशात गेली, इंग्लंडमध्ये विकली गेली. भारतातल्या द्राक्षांची, शॅम्पेनच्या पद्धतीनं केलेली वाइन तिकडच्या जाणकारांनी गंभीरपणे चाखली ती हीच.

“आता एखादी बाटली असेल कुणाकडे?”

“विकत तर नाहीच. असली तर माळ्यावर असेल कुणाच्या.”

संध्याकाळी एका दुकानाच्या फ्रिजमध्ये आस्ती सापडली, इटलीतल्या पिएमाँतची. गोड आणि फेसाळ, पण जात वेगळी. मॉस्काटो द्राक्षाचा रस बंद टाकीत एकदाच आंबवायला घालतात, आणि अल्कोहोल ७ टक्क्यांच्या आसपास आलं की थंड करून, गाळून आंबणं तिथेच थांबवतात. उरलेली साखर द्राक्षाची स्वतःची. डेमी-सेकमध्ये तसं नसतं. ती आधी पूर्ण कोरडी होते आणि गोडी तिला अगदी शेवटी, मोजून देतात. तुलनेसाठी म्हणून आस्ती घेतली आणि मावशीच्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणात आडवी ठेवली. मावशीनं ती कोथिंबिरीनं झाकून टाकली.

शनिवार, नारायणगाव

वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळची नाशिक गाडी पकडली. चाकणपर्यंतचा वेळ ट्रकांच्या मागे गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खेड सोडलं की हवा बदलते. मंचरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा, ऊस आणि मध्येच द्राक्षाचे मांडव. फेब्रुवारीची सकाळ, खिडकी उघडी ठेवली की अंगावर काटा येत होता. ही थंडी नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. नारायणगाव समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहे. पश्चिमेला सह्याद्री, आणि हिवाळ्यात रात्री उतरणारा गारवा तिथल्या घडांना पुरेपूर मिळतो.

गावात शिरताना तमाशा फडांच्या राहुट्यांची तयारी दिसली. यात्रांचा हंगाम तोंडावर आला की गावोगावचे पंच इथे सुपारी द्यायला येतात. विठाबाईंचं हे गाव. थोडं थांबून बघावंसं वाटलं, पण वारुळवाडीच्या बाजूला एका बागाईतदार काकांना वेळ दिला होता. मामांच्या ओळखीतून नंबर मिळाला होता.

काका बागेतच भेटले. आता त्यांच्याकडे सगळी काळी द्राक्षं, शरद आणि जम्बो, निर्यातीची. एकेका घडावर कागद चढवलेला, मणी बोराएवढे. तासगावची म्हटल्यावर त्यांनी आधी माझीच परीक्षा घेतली. खरड छाटणी कधी करता, गोडी छाटणीला पाऊस लागला का, डाऊनीचा रोग किती आला, बेदाण्याला माल किती ब्रिक्सला, म्हणजे रसात किती साखर भरल्यावर, काढता. उत्तरं समाधानकारक वाटली असावीत. मग घरातून चहा मागवला आणि बांधावर बसून बोलायला लागले.

“माझ्याकडं दोन एकर उनी ब्लाँ होती, चौगुल्यांच्या कंपनीसाठी. लई साधं द्राक्ष. मणी बारका, साल पातळ, खायला काय चव नाय. पोरं तोंडात टाकायची अन् थुंकायची. कंपनीची माणसं यायची रिफ्रॅक्टोमीटर घेऊन. आपल्याला वाटायचं अजून पंधरा दिवस थांबावं, गोडी भरू द्यावी, वजन वाढू द्यावं. ते म्हणायचे, नाय, अठराला तोडा.”

१८ ब्रिक्स. आमच्याकडे बेदाण्याचा माल २२ च्या खाली कुणी तोडत नाही. अठराला तोडलेलं द्राक्ष शेतकऱ्याच्या हिशेबात कच्चं. पण स्पार्कलिंगला तेच लागतं. साखर कमी, म्हणजे पहिल्या वाइनमध्ये अल्कोहोल बेताचं. पुढे बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना ते एक-सव्वा टक्क्यानं वाढणार, त्याची जागा आधीच सोडलेली. आणि आंबटपणा शाबूत. गोड वाइन करायची असेल तर द्राक्ष जास्त गोड हवं असं वाटतं, पण डेमी-सेकचं गणित उलटं आहे. ती आंबट द्राक्षांतून निघते आणि म्हणूनच शेवटी घातलेली साखर जिभेवर चिकटून राहत नाही.

“तोडणी पहाटे,” काका म्हणाले. “ऊन चढायच्या आत क्रेट गाडीत. दुपारी तोडलेला माल ते घ्यायचेच नाहीत.”

बोलता बोलता कंपनीचा विषय संपेपर्यंत आला. २००८ च्या मंदीनंतर ती कर्जात रुतली, काही वर्षांत सगळं थांबलं. इथल्या लोकांनी वाइनच्या वेली उपटल्या आणि खायची द्राक्षं लावली. काकांनी उनी ब्लाँच्या जागी आधी थॉमसन लावलं, मग काळी. एक ओळही ठेवली नाही. “ठेवून करणार काय? त्या द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक नाय.” त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तरी त्या दोन एकरांकडे बघताना आत काहीतरी तुटलं, हे लिहायला हवं.

बाटलीबद्दल विचारलं. काकांकडे नव्हती. पण ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तात्याकडं असंल. आमच्याच आळीतला. तळघरात बाटल्या फिरवायला होता, सुरुवातीपासून. आता पोराकडं असतो भोसरीला.” फोन लावला. तिकडून आवाज आला, “हाय एक. पर मंगळवारी या. तवर सप्ताह हाय आमचा.”

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर काकांनी दिलेली शरद द्राक्षांची पेटी होती, पण डोक्यात फक्त मंगळवार.

रविवार, जुना बाजार

मंगळवारपर्यंत हातावर हात ठेवून बसवेना. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे गेले. पाने-पक्कड, पितळी डबे, बंद घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे, नाणी. बाटल्यांवाला अगदी टोकाला बसला होता. त्याच्याकडे अत्तराच्या बाटल्यांपासून गोटीसोड्यापर्यंत सगळं.

शॅम्पेनच्या बाटल्या त्यानं एका गोणपाटावर वेगळ्या मांडल्या होत्या. उचलली की लगेच कळतं. साधी वाइनची बाटली हाताला हलकी लागते, ही रिकामी असतानाही ८००-९०० ग्रॅमची. आत ५ ते ६ बारचा दाब राहतो, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त. तो सहन करायला काच जाड लागते आणि तळाशी खोल खळगा लागतो. मी एका बाटलीच्या खळग्यात अंगठा घालून पाहिला, अख्खा आत गेला. तळाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक पुसट ठिपका होता. तो पाहून मी जमिनीवरच बसले. आतला गाळ बुचापाशी यावा म्हणून बाटली फिरवतात, आणि ती किती फिरवली हे कळावं म्हणून तळघरात असा ठिपका देतात.

लेबल मात्र नव्हतं. कुठली म्हणून सांगायची? परदेशातूनही आलेली असेल. तो म्हणाला, पूर्वी मेसमधून, क्लबातून पोती भरून यायच्या, आता लोक दिवे करायला नेतात. मी ती विकत घेतली. पुढे कुणाला समजावून सांगायला बरी पडेल.

सोमवार, मांजरी आणि मावशीचं स्वयंपाकघर

मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. तासगावचे शेतकरी तिथे नेहमी जातात, कधी रोगासाठी, कधी पाणी-पान-देठ तपासणीच्या सल्ल्यासाठी. मी पहिल्यांदाच वाइनचा प्रश्न घेऊन गेले. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी वेळ दिला आणि पाचच मिनिटांत मुद्द्याला हात घातला.

युरोपात द्राक्ष पिकतं ते उन्हाळा सरताना. जसजशी साखर भरते तसतशा रात्री गार होत जातात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर माल जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतो, म्हणजे साखर भरण्याच्या दिवसांतच ऊन चढत जातं. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत वेल स्वतःच जाळून टाकते. एकदा ते गेलं की वाइन बसकी होते. “साखर काय, कधीही घालता येते,” बाई म्हणाल्या, “आंबटपणा वेलीवरच सांभाळावा लागतो.” म्हणून लवकर तोडणी, म्हणून पहाटे तोडणी, म्हणून उंचावरची जागा. शनिवारी काकांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण तिथे मिळालं.

मग आज गोडवाली इतकी कमी का दिसते? वायनऱ्या तर आहेत. नाशिक-दिंडोरीकडे सुला आहे, शॅन्डॉन आहे, ग्रोव्हर झाम्पा आहे, अकलूजला फ्रातेल्ली आहे. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याचं तंत्र आता महाराष्ट्रात चांगलं रुजलंय, हातही तयार आहेत. मला विचाराल तर कमी आहे ती गिऱ्हाइकाची. शहरातला नवा गिऱ्हाईक ब्रूट मागतो, कारण ब्रूट मागणं जाणतेपणाचं लक्षण समजलं जातं. आणि गोड आवडणारा माणूस दुकानात लाजतो. हे बदलायला हवं. जेवण आपलं तिखट, आंबट, गोड एकाच ताटातलं. त्याच्याबरोबर हाडकुळी कोरडी वाइन का प्यायची?

संध्याकाळी हेच तपासलं. आस्ती बाहेर काढली. मावशी म्हणाली, “माझ्यासमोर उघडू नकोस, डोळ्यात बूच जाईल.” तार सोडताना अंगठा बुचावर ठेवायचा, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. फुस्स एवढाच आवाज आला. समोर बाकरवडी, लसणाची चटणी लावलेलं थालीपीठ, आणि मुद्दाम आणलेली पुरणपोळी.

पुरणपोळीबरोबर आस्ती हरली. पोळीची गोडी इतकी जड की वाइन लिंबूपाण्यासारखी लागली. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नेहमी पडते. बाकरवडीबरोबर मात्र कमाल झाली. बाकरवडीत गोड आहेच, खसखस, खोबरं, मग मागून येणारं तिखट, आणि तिखट चढायच्या आत गार, गोड फेस. थालीपीठ आणि लसणाच्या चटणीवर तर भावानं तीनदा ग्लास पुढे केला. तिखटावर अल्कोहोल जास्त असलेली वाइन प्यायली तर जिभेची आग वाढते, ७ टक्क्यांची गोड वाइन ती विझवते. मावशीनं चमचाभर घेतली, तोंडात थोडा वेळ धरली, आणि म्हणाली, “मोगऱ्याचा वास आहे गं हिला.” मॉस्काटोचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

पण आस्तीत एक गोष्ट नव्हती. खोली नव्हती. पाव भाजल्याचा, दाण्याचा जो वास बाटलीतल्या यीस्टच्या गाळावर महिनोन् महिने झोपलेल्या वाइनला येतो, तो टाकीतल्या वाइनला यायचा नाही. माझा शोध त्याचा होता.

मंगळवार, भोसरी

तात्यांच्या मुलाचं घर एमआयडीसीच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा कंपनीत शिफ्टला, पण आज त्यानं दुपारची सुटी काढली होती. तात्या सत्तरीच्या पुढचे, पांढरा शर्ट, धोतर, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. माळ दिसली आणि बाटली इतकी वर्षं का उघडली गेली नाही ते न विचारताच कळलं.

“नोकरी सुटली अन् त्याच सालच्या वारीत माळ घातली,” ते म्हणाले. “बाटली त्याच्या आधी मिळाली हुती. टाकून द्यायला जीव झाला नाय. माज्या हातनं फिरवल्याली हाय ती.”

मी बरोबर नेलेली जुन्या बाजारातली बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी तळ पाहिला, पांढरा ठिपका पाहिला, आणि काही न बोलता दुसरी बाटली मागितली. सुनेनं तेलाची रिकामी बाटली आणून दिली. तात्यांनी दोन्ही मानेकडून खाली कलत्या धरल्या, जणू समोर लाकडी फळीच आहे, आणि दोन्ही मनगटं एकदम फिरवली. झटका, थांबा, किंचित उलट, पुन्हा झटका. फिरवणं एक अष्टमांश, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी बाटली थोडी अधिक उभी. असं महिना-दीड महिना रोज. हेतू एवढाच, की बाटलीच्या पोटातला यीस्टचा गाळ घसरत घसरत बुचापाशी यावा. शॅम्पेनमधल्या व्हव क्लिको या घराण्याच्या तळघरात १८१६ च्या सुमारास ही युक्ती निघाली. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्राचे पिंजरे करतात. तात्यांच्या मनगटाला ते अजून येतं. डोळे दुसरीकडे आणि हात चालू.

“झटका कमी पडला तर गाळ काचेला चिकटतो. जास्त झाला तर धुरळा उडतो, मंग परत पयल्यापासनं. फ्रान्सच्या सायबानं शिकवलं. त्याला मराठी नाय, आमाला फ्रेंच नाय. हात धरूनच शिकवलं. तोंडाला जाळी बांधायची, कारण एखादी फुटायची.”

मग त्यांनी शेवटची पायरी सांगितली आणि माझ्या सगळ्या वाचनाला पहिल्यांदा आकार आला. बाटलीची मान गार मिठाच्या पाण्यात बुडवायची, गाळाचा बर्फ होतो. टोपण काढलं की आतल्या दाबानं तो गोळा बाहेर फेकला जातो. जी थोडी जागा रिकामी होते तिथे वाइनमध्ये विरघळवलेली साखर घालायची आणि लगेच बूच ठोकायचं.

“तीच वाइन, तीच बाटली, तेवढेच दिवस फिरवल्याली,” तात्या म्हणाले. “ब्रूटला माप बारकं, गोडवालीला मोठं. हितंच वाटणी व्हायची. लोकं म्हणायची गोडवाली हलकी. आरं, हलकी कशी? आमचे हात तेवढेच राबल्याले.”

सून माळ्यावरून बाटली घेऊन आली. धुतलेल्या साडीत गुंडाळलेली. मार्क्विस द पाँपादूर, डेमी-सेक. लेबलाची एक कड झुरळांनी खाल्लेली, तारेला गंज. पुण्यातले इतके उन्हाळे माळ्यावर काढलेली बाटली, त्यामुळे मी मन घट्ट केलं होतं. निघालं तर व्हिनेगर निघेल. तात्यांनी उघडायला माझ्याकडे दिली. तारेला सहा अर्धे वेढे, पाचव्याला तार तुटली. बूच हातात आलं ते सरळसोट, खुंटीसारखं. ताज्या बाटलीचं बूच खाली फुगतं, वर्षानुवर्षं दबून राहिलेल्या बुचातला तो जोर जातो. आवाज म्हणाल तर एक सुस्कारा.

पण आवाज आला. म्हणजे वायू होता.

काचेच्या पेल्यात ओतली. रंग कोऱ्या चहाचा. कडेला बारीक बुडबुड्यांची एक अर्धवट माळ, वर चढणारे थोडेसे मणी. मी पेला आधी तात्यांपुढे धरला. ते पिणार नव्हते, पण वास घ्यायला माळेची आडकाठी नव्हती. त्यांनी पेला नाकाखाली धरून डोळे मिटले, बराच वेळ.

“आंबली नाय,” ते म्हणाले. मग पुन्हा नाक घातलं. “बेदाणा. काकवी. अन् तळघराची ओल.”

चव तशीच होती. आधी बेदाणा, अगदी आमच्या शेडवर दुसऱ्या धुरीनंतर येतो तसा, मग काकवी, अक्रोडाची किंचित कडसर साल. फेस जवळजवळ गेलेला, फक्त जिभेच्या टोकाला चुरचुर. गोडी मी समजत होते त्यापेक्षा खूपच कमी जाणवली. साखर कुठे जात नाही, ती तेवढीच असते, पण वय झालं की ती आत मुरते, पुढे पुढे करत नाही. आणि सगळ्याच्या खाली आंबटपणा. इतक्या वर्षांनी, इतक्या उकाड्यानंतर, तो ताठ उभा होता. अठराला तोडलेल्या उनी ब्लाँचा आंबटपणा. ताजी असताना ही वाइन कशी असेल त्याचा अंदाज त्या एका घोटात बांधता आला, आणि ती फार चांगली असणार.

सुनेनं कोथिंबीर वडी आणि मिरचीचा ठेचा आणून ठेवला. वडीवर ठेच्याचं बोट, वर एक घोट. मुलगा म्हणाला, “बाबा, ही दारू वाटतच नाही.” तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “वाइन हाय ती.”

बाटलीत निम्मी शिल्लक होती. तात्या माझ्याकडे वळले. “तुमच्या बागेत काय हाय?”

“थॉमसन आणि तास-ए-गणेश.”

“बेदाण्याचा माल तो. वायनीला उपेगाचा नाय. चार वळी उनी ब्लाँच्या लावा. उत्तरेच्या उताराला. पानं जास्त काढू नका, घडाला सावली राहू द्या. अन् बापाला सांगा, गोडीची हाव नको. अठराला तोडा.”

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. एका ठिकाणी त्यांनी वही मागून घेतली आणि मापाच्या पळीचं चित्र स्वतः काढलं, ब्रूटची लहान, डेमी-सेकची मोठी, दोन्हींच्या दांड्यांची लांबी सारखी.

निघताना बूच आणि तुटकी तार मला दिली. बाटली त्यांनी ठेवून घेतली, आणि जुन्या बाजारातलीही मागितली, नातवाला फिरवायला शिकवायचं म्हणून. स्वारगेटला सांगली गाडीला अर्धा तास होता. फलाटावर उभी राहून मांजरीच्या बाईंना मेसेज टाकला : डॉगरिजच्या खुंटावर कलम भरायला उनी ब्लाँची खात्रीची काडी कुठे मिळेल? गाडी कात्रजचा घाट चढेपर्यंत उत्तर आलं. त्यांनी दोन ठिकाणं कळवली होती आणि खाली एक प्रश्न विचारला होता, तासगावला जानेवारीत रात्रीचं तापमान किती उतरतं. मी बाबांना फोन लावला, शेडवरच्या थर्मामीटरच्या नोंदींची वही कपाटात कुठल्या खणात आहे ते विचारायला.